बावीस बराबर

माझा स्वभाव तापट आहे. हे मीच आधी सांगून टाकलेलं बरं, कारण दुसऱ्या कुणी सांगितलं की मला राग येतो.

जालन्याच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. सत्यशीला मॅडम येतायत म्हटलं की आठवीची पोरं पाठ ताठ करून बसतात. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी डोंगरातल्या दहा दिवसांच्या एका शिबिराला गेले, आणि येताना गळ्यात लाल शिट्टी आणि डोक्यात खूळ घेऊन आले. खूळ असं, की आपल्या पोरांना रानात न्यायचं. बागेतले झोके नाहीत, हॉटेलातलं जेवण नाही. तंबू आपला आपण ठोकायचा, नकाशा बघून वाट काढायची, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एकेकानं एकेका झाडाखाली दोन तास एकटं आणि अगदी गप्प बसायचं. याला आम्ही एकांत म्हणतो. एकांतात माणसाला स्वतःचं मन ऐकू येतं, असं मला शिबिरात शिकवलं होतं. मला तेव्हा फक्त पोटात कावळे ओरडलेले ऐकू आले, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

आमचे मुख्याध्यापक राजानंद सर तीन वर्षं "बघू" म्हणत राहिले. त्यांच्या "बघू"चा अर्थ शाळेतल्या बाकांनाही माहीत आहे. शेवटी या डिसेंबरात मी रोज मधल्या सुट्टीत त्यांच्या दारात उभी राहायला लागले. समोर मी उभी असताना त्यांना चहा गोड लागेना, तेव्हा कुठे ते हो म्हणाले. अट एकच.

"सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला फोन. मी विचारणार, पट बराबर? तुम्ही आकडा सांगायचा. बावीस लेकरं नेली तर बावीस. एकाची जरी गडबड झाली, तर ही आपल्या शाळेची रानातली पहिली सहल आणि हीच शेवटची. मंग पुन्हा माझ्या दारात उभं राहायचं न्हाई, मॅडम."

मी लगेच कबूल झाले. तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते हातात आलं होतं, आणि बावीस मोजणं काय अवघड आहे. मी पोरांना एक ते बावीस नंबर दिले, कारण नावं घेत बसलं की वेळ जातो. सगळ्यांना पिवळ्या टोप्या दिल्या, लांबून दिसाव्यात म्हणून. अशी चोख तयारी करून आम्ही छोटी बस ठरवून निघालो.

चूक केदारखेड्यालाच झाली. तिथं चहाला थांबलो. निघताना मी बसच्या दारात उभी राहून टोप्या मोजल्या. बावीस भरल्या. बस सुटली, दोन किलोमीटर गेली आणि मागून राजनंदिनी ओरडली, "मॅडम, प्रांजली न्हाई गाडीत." ही राजनंदिनी झोपेतही बोलते, त्यामुळे मी आधी लक्ष दिलं नाही. मग पुन्हा मोजलं. बाविसावी टोपी आमच्या ड्रायव्हरच्या, बद्रीनाथच्या डोक्यावर होती. समोरून ऊन येतं म्हणून त्यानं उरलेली एक टोपी घातली होती, आणि ती त्याला शोभतही होती.

बस वळवली. प्रांजली हॉटेलच्या पायरीवर उभी होती. रडत नव्हती, नुसती रस्त्याकडे बघत होती. सात मिनिटं ती एकटी तिथं होती. मी घाबरले होते, आणि घाबरले की मला रागावायची सवय आहे. "सतरा नंबर, लक्ष कुठं असतं तुझं? तुझ्यामुळं सगळ्यांना उशीर," मी म्हणाले. ती चढली आणि खिडकीशी बसली. दहाला भोकरदनहून सरांना फोन केला. "पट बराबर?" "बावीस बराबर, सर." त्या घडीला ते खरंच होतं. सात मिनिटांची गोष्ट मी गिळली.

भोकरदनच्या पुढं एक झाडीची टेकडी आहे आणि तिच्या पायथ्याशी चाळीसेक घरांची वाडी. अर्धी घरं शेळ्यामेंढ्यावाल्यांची, अर्धी शेतकऱ्यांची. आम्ही कापसाच्या शेताशेजारच्या पडीक रानात तंबू ठोकले, खिचडी शिजवली आणि दोन वाजता मी बावीस जणांना टेकडीवर बावीस झाडांखाली बसवलं.

नियम सांगताना मला फार मजा आली, हे कबूल करते. "शिट्टी होईपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही. कुणीही येऊ द्या, काहीही विचारू द्या."

कचरू नावाचा आमचा एक धष्टपुष्ट मुलगा आहे. त्यानं हात वर केला. "मॅडम, कुणी खायला दिलं तर?"

"खायला हरकत नाही. बोलायचं नाही. आणि ऐका, मी स्वतः आले, बोला म्हणाले, हात जोडले, तरी बोलायचं नाही. ती तुमची परीक्षा समजायची. फक्त शिट्टी ऐकली की सुटलात."

ही शेवटची अट माझ्या शिबिरातल्या गुरूची होती. आज ते भेटले तर मी त्यांना एका झाडाखाली बसवीन आणि शिट्टी विहिरीत टाकीन.

तीन वाजता मी सगळीकडून फिरून आले. पोरं इतकी शहाण्यासारखी बसली होती की मला भरून आलं. राजनंदिनी तर दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून बसली होती. तेवढ्यात खालून बद्रीनाथची हाक आली. वारा सुटला होता आणि दोन तंबू कापसाच्या शेतात पळाले होते. आम्ही दोघं त्यांच्या मागं. तंबू पुढं, बद्रीनाथ मागं, त्याच्या मागं मी, आणि बांधावरचं एक कुत्रं सगळ्यांच्या मागं. एक तंबू हाती लागला की दुसरा उठायचा. त्यात पाऊण तास गेला.

चारला दहा मिनिटं कमी असताना मी हसत हसत टेकडी चढले, आणि पहिलं झाड रिकामं होतं. दुसरंही. माझं हसू तिसऱ्या झाडापाशी थांबलं. मी अर्धी टेकडी पळत पालथी घातली. सगळी झाडं जागच्या जागी, आणि खाली पोर नाही. मी तशीच वाडीकडं धावत सुटले.

पहिल्याच अंगणात कचरू दिसला. बाजेवर मांडी घालून बसला होता, पुढ्यात पिठलं, ठेचा आणि भाकरीची चळत, आणि चार बाया त्याला वारा घालत होत्या. थंडीच्या दिवसांत.

"कचरू, अरे इथं काय करतोस? बाकीचे कुठं आहेत?"

त्यानं माझ्याकडं एखाद्या साधूसारखं शांत बघितलं आणि भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला. डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, की मॅडम परीक्षा घेतायत आणि आपण पास होऊन राह्यलो.

"कचरू, ही परीक्षा नाही. बोल."

त्यानं आणखी समाधानानं चावायला सुरुवात केली. मी त्याच्यापुढं हात जोडले. तेही त्याला आधीच सांगून ठेवलेलं होतं, मीच.

मग मी शिट्टी तोंडाला लावली. ती वाजायच्या आत एका हातानं ती ओढली आणि मेंढीच्या गळ्यातली घंटी काढावी तशी दोरीसकट माझ्या गळ्यातून काढून घेतली. समोर सत्तरीच्या एक उंच आजी उभ्या होत्या, हातात काठी, मागं दोन शेळ्या. वाडीत यांना मालनबाई म्हणतात आणि यांच्यापुढं कुणी बोलत नाही.

"तूच का ती मास्तरीण?" त्या म्हणाल्या. "लेकरांना शिट्टी मारती? आम्ही शेळ्यांना बी नावानं हाका मारतो, बाई. ही चांदी, ही बिजली. बोलाव बघू एकीला शिट्टीनं. मान बी वळवायची न्हाई."

"आजी, माझी बावीस मुलं—"

"बावीसच्या बावीस रुसली. एका दिवसात. माझ्या उभ्या जन्मात असं पाह्यलं न्हाई. तू केलंस तरी काय त्यांना?"

तेव्हा मला त्या वाडीची रीत कळली. घरात भांडण झालं की रुसलेलं माणूस टेकडीवर जाऊन झाडाखाली बसतं. ज्याच्या नजरेला ते पहिल्यांदा पडेल त्यानं त्याला उठवून आपल्या घरी न्यायचं, पोटभर जेवू घालायचं, मग त्याच्या घरी सोडायचं. रुसलेल्या माणसावर दिवस मावळू द्यायचा नाही. बाजूला उभे असलेले त्रिंबक अण्णा म्हणाले, की ते स्वतः चारदा जाऊन बसलेत, आणि त्यातलं दोनदा तर नुसतं मालनबाईच्या हातचं पिठलं खायला. आज मालनबाई शेळ्या घेऊन वर गेल्या तर एका झाडाखाली पोरगं, मान खाली, विचारलं तर बोलत नाही. पुढच्या झाडाखाली दुसरं. तिसऱ्या झाडाखाली पोरगी, तिनं तर तोंड दोन्ही हातांनी दाबलेलं. मालनबाईंनी वरूनच हाळी दिली, की अख्खी टेकडी रुसलीय, जल्दी या. निम्मी वाडी कापूस वेचायचं सोडून वर आली आणि ज्याला जे लेकरू सापडलं ते त्यानं घरी नेलं.

"अहो ते रुसले नाहीत," मी म्हणाले, "तो एकांत होता. त्यांना मीच बसवलं होतं."

"आइकलं का?" मालनबाई सगळ्या बायांकडं वळून म्हणाल्या. "हिनंच बसवलं."

हे मी बोलायला नको होतं. बायांनी कपाळाला हात लावले. आता शिट्टी मिळायची नाही हे मला कळून चुकलं. घड्याळात सव्वाचार झाले होते आणि पाचला सरांचा फोन येणार होता. मी शिट्टीचा नाद सोडला आणि पोरं मोजायला धावले.

अशी मोजणी देवानं दुश्मनाला बी करायला लावू नये. एका घरात पाच नंबर मोसंबी खात होता. एका घरात दोघी बहिणी-बहिणी असल्यासारख्या एका गोधडीवर बसून तुरीच्या उकडलेल्या शेंगा सोलत होत्या. एका घरातल्या काकूंनी मला दारातच अडवून सांगितलं, की पोरगा मुका आहे, आम्ही उद्या त्याला डॉक्टरला दाखवू. राजनंदिनी एका पडवीत सापडली. तिचे गाल न बोललेल्या शब्दांनी फुगले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडावरचा हात तिनं काढला नव्हता. जूनपासून ज्या पोरीला मी "गप्प बस" म्हणत आले तिच्यापुढं मी म्हणत होते, "बाई गं, बोल एकदाची." ती मान हलवून नाही म्हणाली. मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

मी जिथं जाईन तिथलं पोर माझ्यामागं येई, पोराच्या मागं घरातली माणसं, आणि प्रत्येक पोराच्या हातात काहीतरी खायचं. पावणेपाचला वाडीच्या मधोमध मी मोजलं. या वेळी टोप्या नाही, तोंडं मोजली. एकवीस.

पुन्हा मोजलं. एकवीस.

"बाविसावी वर हाय," मालनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता वेगळा होता. "ती उठतच न्हाई. हे एकवीस जण जेवले, म्हणजे यांचं रुसणं वरवरचं. तिला मी भाकरी दिली, गूळ दिला, ती हात बी लावत न्हाई. ती खरी रुसलीय. तुलाच यावं लागंल."

सतरा नंबर. मी टेकडी चढायला लागले आणि अख्खी वाडी माझ्यामागं. एकवीस मुकी पोरं, त्यांना सांभाळणारे चाळीसेक लोक, चांदी, बिजली आणि ते तंबूमागं पळणारं कुत्रं. लग्नाची वरात सुद्धा इतक्या उत्साहानं निघत नाही.

प्रांजली एका कडुलिंबाखाली बसली होती. पुढ्यात भाकरी तशीच. मी तिच्यासमोर उभी राहिले तर मालनबाईंनी काठीनं माझ्या पायाला टोचलं. "खाली बस. समजूत काढणाऱ्यानं रुसलेल्याच्या खाली बसायचं असतं." मी उतारावर तिच्या खाली बसले. "आता हाक मार. घरी म्हणत्यात त्या नावानं."

मला ते नाव माहीत नव्हतं. सात महिने मी या मुलीला शिकवत होते आणि तिच्याविषयी मला सतरा हा आकडा माहीत होता. हे सगळ्यांसमोर सांगायची मला लाज वाटली, पण सांगितलं.

तेवढ्यात राजनंदिनी पुढं आली. ती प्रांजलीची जिवाभावाची मैत्रीण. तोंड बंद ठेवून तिनं दोन्ही हात फडफडवले.

"कोंबडी?" मी म्हणाले.

तिनं जोरात नकार दिला आणि आणखी फडफडली.

"घार," त्रिंबक अण्णा म्हणाले. "पोपट." "लांडोर हाय ती, मान बघा ना," कुणीतरी मागून म्हणालं. राजनंदिनीनं वैतागून चिमटीनं जमिनीवरचे दाणे टिपल्यासारखं केलं आणि एक इवलीशी उडी मारली.

"चिऊ," मी म्हणाले.

प्रांजलीच्या पापण्या हलल्या. पण ती माझ्याकडं बघेना.

"आता सांग, तू काय केलंस," मालनबाई म्हणाल्या. "रुसणाऱ्यानं सांगायचं नसतं. रुसवणाऱ्यानं ओळखायचं असतं."

मी ओळखायला बसले. "चिऊ, खिचडी करपली होती म्हणून?" नाही. "झाड लहान मिळालं म्हणून?" नाही. "तंबू नीट ठोकला नाहीस म्हणून बोलले, ते?" नाही. पाचला चार मिनिटं कमी होती. तंबू आवरून बद्रीनाथ धापा टाकत वर आला, गर्दीतून वाट काढत पुढं झाला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मावळतीचं ऊन समोरून येत होतं, म्हणून त्यानं पिवळी टोपी घातली होती.

मी त्या टोपीकडं बघत राहिले. प्रांजलीही तिकडंच बघत होती.

"मी तुला मोजलंच नाही," मी म्हणाले. "मी टोप्या मोजल्या. तुझ्या जागी ड्रायव्हर मोजला आणि गाडी सोडली. तू तिथं एकटी उभी होतीस. आणि आल्यावर मी तुलाच रागावले. चूक माझी होती, चिऊ. मी घाबरले होते, पण म्हणून तुझ्यावर ढकलायला नको होतं."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी भाकरीचा घास तोडला, गुळाला लावला आणि तिच्यापुढं धरला. आणि फोन वाजला.

टेकडीवर रेंज फार उत्तम असते, हे मला त्या दिवशी कळलं. मी एका हातात घास धरून दुसऱ्या हातानं फोन उचलला, आणि तो नेमका मोठ्या आवाजावर लागला. राजानंद सरांचा आवाज सगळ्या टेकडीला ऐकू गेला.

"काय मॅडम, पट बराबर?"

बावीस बराबर म्हणून मोकळं होता आलं असतं. बावीस जण समोर होतेच. पण तिचे डोळे माझ्यावर होते. पुढच्या वर्षीची सहल, त्याच्या पुढच्या वर्षीची, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं आणि मला खूप वाईट वाटलं.

"सर," मी म्हणाले, "सकाळी पट चुकला होता. केदारखेड्याला एक मुलगी मागं राहिली. सात मिनिटं. मी ड्रायव्हरला मोजलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही. आणि आत्ता ती माझ्यावर रुसलीय."

टेकडीवर चाळीसेक माणसं, एकवीस पोरं आणि दोन शेळ्या श्वास धरून उभ्या.

"आणि आता पट किती हाय?" सरांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत प्रांजलीनं पुढं वाकून माझ्या हातातला घास तोंडानंच घेतला. तो चावला. पूर्ण गिळला. मग हात पुढं केला आणि मी फोन तिच्याकडं दिला.

"सर, मी प्रांजली," ती म्हणाली. "बावीस बराबर. मी मोजलेत."

सरांच्या घशातून हसण्यासारखा आवाज आला, जो शाळेत आम्ही कधी ऐकला नव्हता. "बिलकुल ठीक. पुढच्या वर्षी मोजायचं काम तुझ्याकडं. मॅडमला सांग, त्यांनी मोजायचं न्हाई."

पुढच्या वर्षी, म्हणाले ते. मी ते दोन शब्द मनात तीनदा ऐकले. मालनबाईंनी पदराच्या गाठीतून लाल शिट्टी काढली. मी हात पुढं केला, तर त्यांनी ती माझ्या हातावरून नेऊन प्रांजलीच्या गळ्यात घातली. प्रांजलीनं गाल फुगवून ती फुंकली.

एकवीस तोंडं एकदम सुटली. तीन तासांचं साठलेलं सगळं एकाच वेळी बाहेर आलं. कचरू विचारत होता, की तो पास झाला का आणि रात्रीला पिठलं मिळेल का. राजनंदिनी श्वास न घेता सांगत होती, की ती सकाळपासून हेच सांगून राह्यली होती आणि मॅडमला कोंबडी आणि चिमणी यातला फरक कळत नाही. मुक्या पोराला डॉक्टरकडं नेणार होत्या त्या काकू मटकन खाली बसल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. चांदी आणि बिजली टेकडीखाली पळाल्या. मालनबाईंनी शिट्टीकडं बघितलं, पोरांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "बाई, तू त्यांना गप्प कामून बसवलं ते आता कळलं."

उतरायच्या आधी प्रांजली वाटेत उभी राहिली आणि समोरून जाणाऱ्या प्रत्येकाला नावानं हाक मारून सोडायला लागली. मीही रांगेत उभी होते. माझ्या पुढं बद्रीनाथ होता. त्याची पाळी आली तशी ती थांबली आणि तिनं हात पुढं केला.

"काका," ती म्हणाली, "आधी टोपी काढा."